नाचायचं कुणी?

श्रावण लागला की आमच्या आळीत मंगळागौरींची रांग लागते. नव्या सुनांच्या पूजा, रात्रीची जागरणं, झिम्मा, फुगड्या, पिंगा. कुणी सूप नाचवतं, कुणी लाटणी घेऊन येतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना बाम चोळावा लागतो, पण ती रात्र सहसा कुणी चुकवत नाही.

आमच्या घरातलं एक माणूस मात्र वर्षानुवर्षं ती रात्र स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काढायचं. माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. बत्तिसाव्या वर्षी त्यांचे यजमान गेले आणि त्या माहेरी परत आल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी लग्न होऊन या घरात आले. सासूबाई सांगायच्या, "हिच्यासारखी फुगडी अख्ख्या आळीत कुणाला यायची नाही गं!" मी मात्र वन्संना कधी फुगडी घालताना पाहिलं नव्हतं. मटकीच्या उसळीच्या ताटल्या आणि चहाचे कप त्या दारातून पुढे करायच्या, आणि खेळ रंगला की तिथेच चौकटीला टेकून बघत राहायच्या.

त्यांना कुणी "येऊ नका" म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या येत नव्हत्या आणि कुणी बोलवत नव्हतं. मीही नाही. एम.ए. झालेली, वाचनालयात जाणारी, सभांमधून स्त्रीमुक्तीवर बोलणारी मी, मीसुद्धा कधी मागे वळून हात पुढे केला नाही. ते मला दिसतच नव्हतं म्हणा ना!

दिसलं ते फार लांब जाऊन.

२०१८ साली मी मुलीकडे अमेरिकेला गेले होते. ती मेरीलँडमध्ये राहते, वॉशिंग्टन शहराला लागून असलेलं हे राज्य. जावई-लेक कामावर गेले की दिवस खायला उठायचा. एकदा मुलगी म्हणाली, "आई, शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये नाचाची कार्यशाळा आहे. चल, तुला सोडते."

"मी आणि नाच? साठी उलटलीय माझी!"

"खुर्चीत बसून करायचं असतं गं. आवडलं नाही तर फोन कर."

गेले. गोल मांडलेल्या वीसेक खुर्च्या. एक निवृत्त बसड्रायव्हर, काठी घेतलेले एक आजोबा, दोन कोरियन आज्या, एक गरोदर मुलगी आणि साडीतली मी. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, केस पांढरे. मी मनात म्हटलं, ही काय नाचणार?

त्यांनी नाच शिकवलाच नाही. प्रत्येकाला एवढंच विचारलं, "आज सकाळी काय केलंत?" माझी पाळी आली. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागले की लेकीच्या घरी खलबत्ता नाही, म्हणून आलं मी वाटीच्या बुडानं ठेचते. बाई एकदम म्हणाल्या, "थांबा! आत्ता हातांनी काय केलंत? पुन्हा करा." मला कळेना. मग लक्षात आलं, बोलता बोलता माझा उजवा हात हवेत आलं ठेचत होता आणि डावा ते उडू नये म्हणून आडोसा धरून होता. बाईंनी ते तसंच करून दाखवलं. मग सगळ्यांनी केलं. कोरियन आज्यांनी तर माझ्यापेक्षा ठसक्यात आलं ठेचलं! अशी एकेकाची एक हालचाल घेतली, एकापुढे एक ओवली, सावकाश केली, भरभर केली, उभं राहून केली, समोरच्याकडे बघत केली. तासाभरानं आम्ही सगळे मिळून दोनेक मिनिटांचा एक नाच करत होतो. तो आधी कुणी बसवला नव्हता. आमच्या हातांतूनच निघाला होता.

कार्यशाळेनंतर बाई सांगू लागल्या की ही त्यांची स्वतःची पद्धत नव्हे. त्या ती शिकल्या होत्या लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेच्या 'डान्स एक्स्चेंज' या नृत्यसंस्थेकडून. मग काय, पुढचे काही दिवस मी लायब्ररीत बसून मिळेल ते वाचून काढलं.

लिझबाईंची गोष्ट सुरू होते ती त्यांच्या आईपासून. १९७५ साली त्यांची आई कर्करोगानं गेली. त्यावर त्यांना एक नृत्य बसवायचं होतं. त्यात आईचं स्वागत करायला पूर्वज येतात अशी कल्पना होती. पण पूर्वज म्हणून पंचविशीतल्या सडपातळ नर्तिका कशा शोभणार? त्याच सुमाराला त्या वॉशिंग्टनमध्ये वृद्धांच्या एका निवासात नाचाचा वर्ग घेऊ लागल्या होत्या. तिथल्याच म्हाताऱ्या माणसांना त्यांनी रंगमंचावर आणलं. थरथरणारे हात, वाकलेल्या पाठी, आणि ते सगळे नाचताहेत! या अनुभवानं लिझबाईंची वाटच बदलली. १९७६ साली त्यांनी डान्स एक्स्चेंज सुरू केलं. पुढे साठीपुढच्या नर्तकांचा एक वेगळा चमूच त्यांनी उभा केला, आणि नंतर तर विशीतले आणि सत्तरीतले नर्तक एकाच संचात नाचू लागले.

ही मंडळी नुसते प्रयोग करून परत जात नसत. एखाद्या गावात मुक्काम ठोकायचा. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं, कारखाने, जिथे माणसं आहेत तिथे जायचं, त्यांच्याशी बोलायचं, कार्यशाळा घ्यायच्या आणि शेवटी गावकऱ्यांना सोबत घेऊनच नाच उभा करायचा. याला तिकडे 'रेसिडेन्सी' म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकारबुवा चातुर्मासात गावात मुक्कामाला राहतात ना, तसं. फक्त इथे गावानं ऐकायला बसायचं नाही, गावानंच उभं राहायचं.

अशा मुक्कामांतला एक माझ्या मनात घर करून राहिला. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला पोर्ट्समथ नावाचं एक टुमदार शहर आहे. नदीपलीकडे नौदलाची गोदी, इसवी सन १८०० मध्ये सुरू झालेली. आपल्या माझगाव गोदीत पाणबुड्या बांधतात, तशा इथेही पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या, आणि नंतर त्यांच्या दुरुस्तीचं काम चालू राहिलं. काम गुप्त, दारावर पहारा. घरातला माणूस दिवसभर आत काय करतो हे बायकोलाही नीट सांगता येऊ नये असं ते काम. शहर एका काठाला, गोदी दुसऱ्या काठाला. त्यात १९९५ साली सरकारनं बंद करायच्या लष्करी तळांचा विचार सुरू केला, तेव्हा याही गोदीचं नाव निघालं. शेवटी ती वाचली, पण तोवर किती घरांची झोप उडाली असेल, याची कल्पना गिरणी पाहिलेल्या आपल्या माणसांना वेगळी द्यायला नको.

याच काळात, १९९६ पर्यंतची सुमारे दोन वर्षं, तिथल्या 'म्युझिक हॉल' या नाट्यगृहाच्या बोलावण्यावरून लिझबाईंची मंडळी त्या गोदीच्या माणसांबरोबर काम करत होती. कामगार आणि नाच! आपल्याकडे एखाद्या साखर कारखान्यात जाऊन फिटरमामांना कुणी म्हणालं, "चला, नाचू या," तर काय होईल? पण या लोकांनी "नाचा" म्हटलंच नाही. "तुमचं काम सांगा" म्हटलं. काम सांगताना माणसाचे हात गप्प बसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. जी माणसं तोंडानं फार बोलत नाहीत, त्यांचे हात तर फारच बोलतात.

त्या गावात एक जुनं दुःखही होतं. 'थ्रेशर' नावाची पाणबुडी याच गोदीत बांधलेली. दुरुस्तीनंतर खोल पाण्यात चाचणी घ्यायला गेली आणि १० एप्रिल १९६३ रोजी १२९ माणसांसह बुडाली. त्यांत खलाशी होते, तसे याच गोदीत काम करणारेही काही होते. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी ज्या घरांतली माणसं गेली ती घरं गावातच होती, आणि ज्यांनी ती पाणबुडी हातांनी बांधली ते हातही गावातच होते. या कामात ती आठवणही पुढे आली. १९९६ च्या सप्टेंबरात शहरात ठिकठिकाणी नाच सादर झाले. नर्तकांबरोबर गोदीची माणसंही त्यांत होती.

त्यामुळे गोदीचे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. नाचानं कुणाची नोकरी वाचत नाही, गेलेलं माणूस परत येत नाही. पण जे नदीच्या दोन्ही काठांवर कुणी बोलत नव्हतं, ते एकमेकांसमोर मांडलं गेलं. हेही थोडं नाही.

या कामासाठी लिझबाईंना २००२ साली मॅकआर्थर फेलोशिप हा तिकडचा मोठा सन्मान मिळाला. २०११ मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडल्या आणि धुरा पुढच्या पिढीकडे दिली. त्या नेहमी चार प्रश्न विचारतात. नाचायचं कुणी? कुठे? कशाबद्दल? आणि त्यानं काय फरक पडतो?

लायब्ररीत बसून मी पहिला प्रश्न वाचला, आणि सात समुद्रांपलीकडे मला आमच्या स्वयंपाकघराचं दार दिसलं. चौकटीला टेकलेल्या वन्संसकट.

मैत्रिणींनो, गंमत बघा. 'नाच' म्हटलं की आपल्याकडे अजूनही कपाळाला आठ्या पडतात. "चांगल्या घरच्या बायका काय नाचतात?" असं ऐकत आपण मोठ्या झालो. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी शहाणपणा केला, त्याला 'खेळ' म्हटलं. मंगळागौरीचे खेळ, भोंडल्याचे खेळ. शिवाय त्यात आयत्या वेळी सुचलेलं किती असतं! कुणी मध्येच सासूची नक्कल करते, कुणी फुगडीत नवाच हात घेते. लिझबाईंच्या कार्यशाळेत ज्याला उत्स्फूर्त हालचाल म्हणतात, ती आपल्याकडे माजघरात कधीची चालू आहे. म्हणजे नाच आपल्याकडे होता, वर्तुळही होतं. फक्त वर्तुळाला एक दार होतं, आणि काहीजणींसाठी ते बंद होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे तुम्ही वाचलं असेल. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. तेव्हा मी वर्तमानपत्र वन्संपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "चांगलं झालं हो. पोरींचं बरं होईल." स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

गेल्या श्रावणात मात्र मी मनाचा हिय्या केला. आमची चौदाजणींची भिशी माझ्याकडे होती. सगळ्यांना सांगितलं, "पूजा नाही, उपास नाही. बसल्या बसल्या एक खेळ खेळायचाय." आणि वन्संना म्हटलं, "आज चहा मी करणार. तुम्ही हॉलमध्ये बसायचं."

"मला कशाला ओढतेस गं त्यात?"

"बसा तर खरं!"

त्या बसल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेला. तेवढ्यात समोरच्या काकू म्हणाल्याच, "झिम्मा-फुगडीचं काही असेल तर यांना कशाला? श्रावणाचे दिवस आहेत बाई." त्यांच्यादेखत! वन्सं लगेच उठू लागल्या. माझे पाय लटपटले, खोटं कशाला सांगू? "काकू, आज मंगळागौर नाही. आज नुसते हात बोलणार आहेत," एवढंच सुचलं. शेजारची नवी सून धावून आली. तिनं वन्संचा हात धरला, "आत्या, माझ्याजवळ बसा ना." आणि बसवलंच.

मी प्रश्न टाकला, "सकाळी उठल्यावर तुमचे हात पहिलं काम कोणतं करतात? बोलायचं नाही, करून दाखवायचं."

एकीनं गॅसचा लायटर टकटक वाजवला. एकीनं केसांचा अंबाडा घातला. एकीनं पाण्याच्या मोटारीचं बटण दाबलं आणि कान देऊन पाणी चढतंय का ऐकलं, सगळ्या हसल्या. नव्या सुनेनं उशाखालचा मोबाइल चाचपून गजर बंद केला आणि पुन्हा झोपली! काकूंनी दोन्ही तळहात समोर धरून त्यांचं दर्शन घेतलं.

मग वन्सं. त्यांनी डावा हात हवेत खाली धरला. उजव्या हाताच्या दोन बोटांनी काहीतरी उचललं, अगदी सावकाश, तळहातावर घेतलं आणि तितक्याच हळू खाली सोडलं. कुठे म्हणून आवाज नाही.

"किती नाजूक करता आत्या! काय आहे हे?"

"परसदाराची कडी," वन्सं म्हणाल्या.

"एवढी हळू?"

"वाजली की सगळ्यांना जाग येते ना. कुणी कामाला निघायचं असतं, सकाळी सकाळी माझं तोंड नको दिसायला. म्हणून आधीच उठून मागं जायचं."

रोजच्या भाजीबद्दल सांगावं तशा आवाजात त्या हे बोलल्या.

चाळीस वर्षांवर मी त्या घरात राहते आहे. "आमच्या वन्सं पाचाच्या आत उठतात हो," असं मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगत आले. त्या का उठतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. घरात त्यांना कुणी टोचून बोललं नाही, याचाच आम्हाला केवढा अभिमान! आणि रोज पहाटे त्या हातावर कडी झेलत होत्या.

हॉलमध्ये कुणी बोलेना. एकीनं पदर डोळ्यांना लावला. अशा वेळी "अरेरे" म्हणायचं नाही, हे मी त्या लायब्ररीत शिकले होते. माणसानं जे दिलं ते कीव न करता हातात घ्यायचं. मी म्हटलं, "चला, वन्संची कडी सगळ्यांनी काढू या."

चौदाजणींनी कडी उचलली, आवाज न करता. पहिल्या खेपेला काकूंचे हात मांडीवरच होते. दुसऱ्या खेपेला तेही उचलले गेले. मग आम्ही सगळं ओवलं. लायटर, अंबाडा, मोटार, गजर, तळहात, कडी. हळू केलं, भरभर केलं, उभ्या राहिलो, गोल झाला. कधी पाय झिम्म्याच्या ठेक्यावर पडायला लागले, कळलंच नाही. आणि मग नव्या सुनेनं हातांची अढी घालून वन्संपुढे धरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय. मी घाबरून पुढे झाले, पण वन्संनी मला डोळ्यांनीच थांबवलं. दोनच फेरे घातले, सावकाश, तोल सांभाळत. पण पाय कसे जुळवलेले, अंग कसं मागे टाकलेलं! सासूबाई खोटं बोलत नव्हत्या.

तुमच्यापैकी कुणाला असं काही करून बघावंसं वाटलं, तर ना हॉल लागतो, ना गाणं, ना साडीचा ड्रेसकोड. खुर्च्या गोल मांडा, म्हणजे कुणी मागे राहत नाही. प्रश्न साधा विचारा, रोजच्या कामाचा. दुःख उकरायला जाऊ नका, यायचं ते आपोआप येतं. जिला नको तिला "नको" म्हणू द्या. आणि लिझबाईंची आणखी एक रीत पाळा. कुणी काही करून दाखवलं की आधी त्यातलं आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. काही सुचवायचं असेल तर पहिल्यांदा विचारायचं, "माझं एक मत आहे, सांगू का?" आणि ती "नको" म्हणाली तर गिळून टाकायचं. घरोघरी एवढं एक पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील, नाही का?

येत्या श्रावणात आळीतल्या मंगळागौरीला वन्संना बोलावणं येईल का, मला सांगता येत नाही. काकू त्या दिवशी जाताना नेहमीसारखं हळदकुंकू लावून घेऊन गेल्या, वन्संशी काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांचं एका भिशीत धुऊन निघत नाही. पण या वेळी दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाठ करून मी खेळणार नाही, एवढं नक्की. वन्संना बोलावणं नसेल, तर मीही नाही.

आणि हो, भिशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला लवकर जाग आली. परसदाराची कडी खणकन वाजली होती.